पुतणीची केमो चालू आहे. दादा-वहिनींना मदत करायची, पण नक्की कशी?

निळीशाई
माझ्या मोठ्या भावाच्या मुलीला, वय सहा, एएलएल निघाला. रक्ताचा कर्करोग. पहिला महिना बहुतेक इस्पितळातच गेला. गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला, डॉक्टर म्हणाले रेमिशन आहे. आम्ही बाकीचे आनंदाने एकमेकांना फोन करत सुटलो, आणि वहिनी मात्र आधीपेक्षा गप्प झाल्या. माझा फोनही उचलत नाहीत.
"काही लागलं तर सांगा" असं मी शंभरदा म्हटलं असेल. दादाचं उत्तर ठरलेलं, "काही नको रे." घरात थोरला मुलगा आहे, दहा वर्षांचा. त्याला वर्षभर आमच्याकडे आणावं असं आईचं म्हणणं आहे. नातेवाइकांना भेटायला जायचंय, एक काका रोज कसल्यातरी काढ्याची माहिती पाठवतात. या सगळ्यात मी काय करू? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा.

पायवाट
पैसे द्या. न मागता, न सांगता, परत नको म्हणून. बाकी सगळं त्यानंतर.

उंबरठा
पायवाट यांचं बरोबर आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

माझ्या मुलाला हेच झालं होतं. आता उपचार संपलेत, शाळेत जातो, उद्धटही बोलतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी रेमिशनबद्दल, कारण तुमच्या वहिनी का गप्प आहेत ते मला कळतंय. एएलएलमध्ये पहिल्या महिन्याच्या औषधांनंतर दहांतल्या नवांहून जास्त मुलांचं रेमिशन येतं. याचा अर्थ एवढाच की अस्थिमज्जेत, म्हणजे रक्त तयार होतं त्या हाडांतल्या मगजात, कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनाशा झाल्या. न दिसणाऱ्या असतातच. त्यांच्यासाठी पुढची केमो, आणि एकूण उपचार दोन ते तीन वर्षं. डॉक्टरांनी वहिनींना हे समजावलेलं असणार. आणि त्याच दिवशी सगळं गोत अभिनंदन करायला लागलं. आता "अजून खूप बाकी आहे" हे प्रत्येकाला समजावत बसायचं, की फोनच उचलायचा नाही? मीही उचलत नव्हते.

म्हणून पहिलं काम: बातम्या देणारा एकच माणूस ठरवा. तुम्हीच व्हा. दादाने तुम्हाला दोन ओळी पाठवायच्या, तुम्ही नातेवाइकांना कळवायचं. आणि "काउंट (रक्तातल्या पेशींची मोजणी) किती आले, पुढची एलपी (पाठीच्या कण्यात सुई घालून करतात ती) कधी" असं दादाला कोणीही परस्पर विचारायचं नाही. काढ्यावाल्या काकांनाही तुम्हीच थोपवा. मेथोट्रेक्सेट, मरकॅप्टोप्युरिन या केमोच्या औषधांचा ताण यकृतावर येतो. त्यात कुठलीही मुळी, पावडर, काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात जाता कामा नये. काका दुखावतील. दुखावू देत.

दुसरं: "लागलं तर सांगा" म्हणू नका. काय लागतंय ते शोधायचं, कोणाला सांगायचं ते ठरवायचं, वर मागायचा संकोच. तीन कामं वाढली. त्याऐवजी लिहा, "मंगळवारी आणि शुक्रवारी थोरल्याला शाळेतून मी आणणार. नको असेल तरच कळवा." आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला एकदाही "कशी आहेस" विचारलं नाही. त्या दाराबाहेरची कपड्यांची पिशवी न्यायच्या आणि धुऊन, घड्या घालून परत ठेवायच्या. सख्ख्या माणसांपेक्षा मला त्याच जास्त आठवतात.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं: रात्रीचा माणूस. केमोत पांढऱ्या पेशी पडतात. त्यांतले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेले की साधा जंतूही काही तासांत जिवावर बेततो. म्हणून ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला (काही ठिकाणी आकडा किंचित वेगळा सांगतात, त्यांच्या डॉक्टरांनी दिलेला धरायचा) की सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टरांना न विचारता तापाचं औषध द्यायचं नाही, निघायचं. पोचल्यावर तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं असतं. आता हा ताप रात्री दोनला आला, तर झोपलेल्या थोरल्याचं काय? तर त्या घरापासून जवळ राहणारा, फोन कधीही बंद न ठेवणारा, "निघालो" एवढंच म्हणणारा एक माणूस हवा. तुम्ही लांब असाल तर जवळचा कोणी पक्का करून द्या, आणि किल्लीची एक प्रत त्याच्याकडे ठेवा.

भेटायला येणाऱ्यांचं: नाक गळत असेल, घसा खवखवत असेल, तर येऊ नका. लहान मुलांना आणण्याआधी विचारा. आणि भेटून गेल्यावर घरात कोणाला कांजिण्या निघाल्या तर लाजत बसू नका, लगेच फोन करा. कांजिण्या पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, आणि संपर्कानंतर द्यायचं औषध ठरावीक दिवसांतच उपयोगी पडतं. उलट बाजूने सांगायचं तर कर्करोग कोणाला लागत नाही. काउंट बरे असतील तेव्हा चुलत भावंडांनी जरूर खेळावं.

स्टेरॉइडचे दिवस आले की तुमची पुतणी तुम्हाला ओळखू येणार नाही. चेहरा सुजेल, मध्यरात्री भूक भूक करेल, क्षुल्लक कारणावरून रडेल, वस्तू फेकेल. ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड करतं. "फार लाडावली हो" असं कोणी तिच्या आईसमोर म्हटलं तर त्याला बाहेर न्या. व्हिनक्रिस्टिन या केमोच्या औषधाने पाय दुखतात, जिना चढता येत नाही, बद्धकोष्ठ होतो. तेव्हा "चल, जरा पळून दाखव" नको.

आठवा_सूर
मी तो थोरला होतो. माझ्या बहिणीच्या आजारात मला एका नातेवाइकांकडे ठेवलं होतं. माणसं चांगली होती, जेवण-अभ्यास सगळं नीट. पण मला कोणी काही सांगायचं नाही. मोठी माणसं फोनवर बोलताना मी आलो की आवाज खाली यायचा. त्यातून मी माझा निष्कर्ष काढला होता की ती गेलीय आणि माझ्यापासून लपवताहेत. दुसरा निष्कर्ष असा की मी तिला ढकललं होतं त्यातून हे झालं. हा दुसरा मी कित्येक वर्षं कोणाला सांगितला नाही.
तर वर्षभरासाठी हलवू नका, शक्य असेल तोवर त्याच्या घरी, त्याच्या शाळेत राहू द्या. आजाराचं नाव त्याला सांगा. "कोणाच्या वागण्यामुळे हे होत नाही" हे त्याने विचारलं नाही तरी सांगा. इस्पितळात परवानगी असेल तर एकदा नेऊन दाखवा, मनातलं इस्पितळ खऱ्यापेक्षा भयंकर असतं. आणि भेटल्यावर पहिला प्रश्न "बहीण कशी आहे" असा विचारू नका. मला दिवसभर तोच प्रश्न असायचा. माझी पण सामन्यात निवड झाली होती हो.

निळीशाई
आठवा_सूर, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मीच तिकडे जाऊन राहते. वहिनींना चालेल का ते आधी विचारतो.
उंबरठा, रक्त लागेल असं ऐकलं. आम्ही भावंडं सगळे एकदम जाऊन देऊ का?

उंबरठा
एकदम नको. रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) साठवल्या तरी पाच ते सात दिवसच टिकतात, त्यामुळे आज दहा जण देऊन गेले आणि पंधरा दिवसांनी कोणी नाही, असं नको. पाळीपाळीने देतील अशा माणसांची यादी करा, रक्तगट आणि फोन नंबरसकट. सख्ख्या नातेवाइकांनी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. पुढेमागे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची वेळ आलीच तर जवळच्यांचं रक्त आधी चढवलेलं नको असतं. मित्र, सहकारी, शेजारी यांना धरा.

दुपारपाळी
मी बालकर्करोग विभागात समुपदेशनाचं काम करते. पायवाट यांच्या मुद्द्याला जोडून: लोकांना औषधांचा खर्च दिसतो. पण घर खचतं ते येण्याजाण्याने, इस्पितळाजवळ राहण्याने, आणि दोघांपैकी एकाचं काम सुटल्याने. १९७४ साली फिलाडेल्फियात पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस निघालं ते नेमकं यासाठी, मुलावर उपचार चालू असताना आईवडिलांना जवळ राहता यावं म्हणून. श्रीमंत देशांत ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, अनेक गरीब देशांत तीस टक्क्यांहूनही कमी. निदान उशिरा होणं, औषधं न मिळणं ही कारणं आहेतच, पण अर्ध्यावर सुटलेले उपचार हेही एक मोठं कारण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये २०३० पर्यंत निदान साठ टक्के मुलं जगवण्याचं उद्दिष्ट ठेवलं, त्यातही उपचार पूर्ण होण्यावर भर आहे. म्हणून तुमच्या भावाला उपचार करणाऱ्या चमूतल्या समाजसेवकांना आजच भेटायला सांगा, किंवा त्याच्या संमतीने तुम्ही भेटा. निधी, राहण्याची सोय, कागदपत्रं त्यांना ठाऊक असतात. खर्च अंगावर आल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेलं बरं.
अजून एक. मेंटेनन्स, म्हणजे उपचारांचा शेवटचा लांब टप्पा, सुरू झालं की केस परत येतात, मूल धडधाकट दिसतं, आणि मदत करणारे एकेक करून गळतात. त्याच काळात घरी रोज गोळी द्यायची असते, आठवड्यातून एकदा दुसरी. ही औषधं चुकत गेली तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. तुमच्या मदतीतली थोडी त्या काळासाठी राखून ठेवा.

निळीशाई
वहिनींना लिहिलं, "आठवड्यातले दोन दिवस शाळेतून आणणं माझ्याकडे, नको असेल तरच सांगा." उत्तर आलं: "गुरुवार पण घ्याल का?" एवढंच.
शेवटचा प्रश्न, थोडा बालिश वाटेल. तिचे केस गेलेत. मीही टक्कल करू का?

उंबरठा
तिला विचारा. माझ्या मुलाला त्याच्या मामाने विचारलं होतं, तर तो म्हणाला, "नको, तू फार विचित्र दिसशील." काही मुलांना गंमत वाटते, काहींना आपल्याकडे आणखी लक्ष गेलेलं नको असतं. टोपी मात्र न्यायला हरकत नाही. मऊ सुती, आतून शिवण न टोचणारी घ्या, टाळू दुखरी झालेली असते. आणि दोन न्या. एक उलटी झाली की धुवायला जाते.