खोका न फोडलेला पिकार्ड: जपलेला की पुरलेला?

रिकामी_मांडणी
परवा इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की ग्रेडिंग कंपनीने शंभरपैकी ८५ पेक्षा कमी गुण दिलेली स्टार ट्रेकची फिगर, म्हणजे मालिकेतल्या पात्राची छोटी बाहुली, घेणं म्हणजे पैसे गटारात, आणि खोका फोडलेली सुटी फिगर तर निव्वळ भंगार. वर नवख्यांना सल्ला: आधी कार्डाचे कोपरे बघा, चेहरा नंतर. दुर्लक्ष करायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

ग्रेडिंगवाले कार्डाला, बबलला आणि फिगरला वेगवेगळे गुण देतात. म्हणजे तिनातले दोन पुठ्ठ्याला आणि प्लास्टिकच्या फुग्याला! आपण स्टार ट्रेक जमवतोय की वेष्टनं? प्लेमेट्स कंपनीने १९९२ पासून स्टार ट्रेकच्या नेक्स्ट जनरेशन या मालिकेच्या फिगर्स काढल्या. त्यातल्या जॉर्डीचा व्हायझर (डोळ्यांवरची पट्टी) काढता-घालता येतो, तळपायावर अनुक्रमांक असतो. हे सगळं बबलबाहेरून निरखायचं? शिवाय त्या काळात "पुढे सोनं होईल" म्हणून इतक्या लोकांनी त्या न उघडता माळ्यावर टाकल्या, की साधा सीलबंद पिकार्ड, म्हणजे मालिकेतला कॅप्टन, आज हवा तेवढा मिळतो. सोनं काही झालं नाही.

मी फिगर हातात घेऊन बघते. चेहरा त्या नटाचा वाटतो का, डोळे तिरळे रंगवलेत का, सांधे ढिले आहेत का, सोबतचं सामान पुरं आहे का. पुठ्ठ्याला घडी पडली असेल तर पडू दे.

सीलबंद_नाना
तो सद्गृहस्थ मीच. नाव घ्यायला लाजू नका, ताई.

"सामान पुरं आहे का" हे सुट्या मालात कसं ठरवता तेवढं सांगा. मेगो कंपनीच्या १९७४ च्या स्टार ट्रेक बाहुल्यांचे फेझर (बंदुका) आणि पट्टे आज कुणीही नव्याने बनवून विकतं. मी एकदा सुटा स्पॉक घेतला. धड एकाचं, सदरा दुसऱ्याचा, पट्टा बहुधा गेल्या वर्षीचा. विकणारा म्हणे, "बालपणीचा आहे हो." कुणाच्या बालपणीचा, ते गुलदस्त्यात. सील हाच पुरावा.

आणि चेहऱ्याचं कौतुक असेल तर 'टॅपेस्ट्री' या भागातला पिकार्ड घ्या. एंटरप्राइझ या मालिकेतल्या जहाजाच्या क्रमांकावरून प्लेमेट्सने त्याचे १७०१ नग काढले, बस. चेहरा असा काय वेगळा आहे? किंमत विचारा आणि मग बोला.

रिकामी_मांडणी
टंचाई केली की गुणवत्ता आली, असंच ना? त्या भागात पिकार्ड निळ्या गणवेशातला कनिष्ठ लेफ्टनंट असतो, जहाजावर त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. आणि नेमका तोच तुमच्या बाजारात सगळ्यांचा बाप! १७०१ च्या त्या खेळीवर तेव्हा चाहते भडकले ते उगाच नाही. दलालांचं भलं झालं, पोरांच्या हाती भोपळा.

डाव्हरॉसचा_दुसरा_हात
दोघांचंही चुकतंय. "हुबेहूब" हाच निकष असेल तर माझं अर्धं कपाट रद्दीत जाईल. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेच्या, डॅपॉल कंपनीने काढलेल्या फिगर्स आठवा. के-नाइन हा यांत्रिक कुत्रा हिरवा, मालिकेत करडा. डाव्हरॉस या खलनायकाला दोन हात, मालिकेत एकच. टार्डिस या कालयानाचं कन्सोल पाच बाजूंचं, हवं होतं सहा. मला जीव लावावासा वाटतो तो या चुकांवरच! मेगोने तरी काय केलं? गॉर्न या सरड्यासारख्या परग्रहवासीला तपकिरी तोंड देऊन क्लिंगॉन या दुसऱ्याच जमातीचे कपडे चढवले. त्यांचा नेपच्यूनियन तर मालिकेच्या एकाही भागात नाही, तरी लोक त्याच्यामागे धावतात. ताई, लावा तुमची फूटपट्टी.

रिकामी_मांडणी
नेपच्यूनियनला सूट. तो कुणासारखा दिसायला हवा होता हेच ठरलेलं नाही.

वांद्रे_ते_वल्कन
नाना, तुमचा पुरावा चिकट होतोय. पीव्हीसी प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं. बंद बबलमध्ये त्याला वाट मिळत नाही, ते फिगरच्या अंगावरच बसतं. वर आपला उकाडा. सुटी फिगर कोमट साबणाच्या पाण्यात धुता येते. तुमची ८५ वाली कशी धुणार?

पण माझं दुखणं वेगळंच आहे. बाहेरून सीलबंद वोर्फ (नेक्स्ट जनरेशनमधला क्लिंगॉन) मागवला. घरी आला तेव्हा बबल ब्लेडने सरळ कापलेला. वाटेत कुणी कापला याचं उत्तर कुणाकडे नाही. वर शुल्क भरलं ते वेगळंच. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. कुणाचं भलं झालं?

चितारआळी
आमचं झालं. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना स्वस्त आयात मालाने किती वर्षं मारलं ते विचारा. माझे मामा लाखकाम करायचे, त्यांच्या पोरांपैकी एकानेही ब्रश हातात धरला नाही. तुमच्या वोर्फला चार पैसे जास्त पडले तर बिघडलं कुठे?

वांद्रे_ते_वल्कन
मामांबद्दल आदर आहे. पण वोर्फ महाग झाला म्हणून मी लाकडी भाजी-फळं घेणार आहे का? चितारआळीत क्लिंगॉन घडवतात का? घडवत असतील तर पत्ता द्या, आत्ता निघतो.

चितारआळी
कुणी मागितलाच नाही तर घडवतील कसे? गंजिफा रंगवणाऱ्या हाताला वोर्फच्या कपाळावरच्या वळ्या जड जाणार आहेत का?

एडिसनकर
भारतात कशाला मागवता? मी दर खेपेला सुटकेसमधून चार-पाच आणतो. इथली टॉइज आर अस ही खेळण्यांची दुकानं २०१८ मध्ये बंद झाली तेव्हा…

चितारआळी
झालं सुरू! तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. सगळ्यांचा भाऊ अमेरिकेत नसतो.

एडिसनकर
राग शुल्कावर आहे की माझ्यावर? बरं, २०२१ पासून खेळण्यांना जो भारतीय मानकाचा शिक्का सक्तीचा झाला तो १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. १३ वर्षांच्या पोराने पिकार्ड मागितल्याचं कुणी ऐकलंय? ही मोठ्यांची वस्तू आहे, तिला खेळण्यांत मोजूच नका.

रिकामी_मांडणी
धागा माझा आहे हे कुणाला आठवतंय का? आणि दादा, "मोठ्यांची वस्तू" म्हणून तुम्ही नानांचीच बाजू घेताय. खेळणंच आहे ते. १९७८ च्या बॅटलस्टार गॅलॅक्टिका मालिकेवर मॅटेल कंपनीने काढलेल्या खेळण्यातल्या यानांतून खरंच छोटी क्षेपणास्त्रं उडायची. त्यातलं एक घशात अडकून एक मुलगा गेला, तेव्हा ती बाजारातून काढून न उडणारी आणावी लागली. पोरं खेळत होती म्हणूनच ना?

सीलबंद_नाना
आणि म्हणूनच आज ती जुनी यानं शाबूत मिळत नाहीत. आभारी आहे.

वांद्रे_ते_वल्कन
नाना, चिकटपणाचं उत्तर राहिलं.

सीलबंद_नाना
काल रात्री कपाट उघडून बघितलं. डेटा या यंत्रमानवाच्या फिगरच्या गालावर चकाकी आहे. तेल लावून न्हायला बसल्यासारखा दिसतोय. तर मान्य, काही फिगर्स उघडाव्यात. दुसऱ्यांच्या. वांद्रेसाहेब, तुमचा वोर्फ आता सुटाच झालाय. भंगाराच्या भावात देणार का?

वांद्रे_ते_वल्कन
शुल्कासकट घेत असाल तर सांगा.