सत्कारात मुलांना फेटा, मुलींच्या हाती ताट?

प्रश्न: आमच्या पेठेतल्या मंडळानं बारावीच्या गुणवंतांचा सत्कार ठेवला. पोरांना फेटा, सोलापुरी चादर, वर मनोगताला माईक. माझी पुतणी पहिली आलेली. तिच्या हाती ओवाळणीचं ताट, शेवटी ब्लाऊजपीस. कुणाशी बोलावं?

उत्तर १: फेट्याचं सोडा, शिवजयंतीला पोरीही बांधतात. खरा मुद्दा माईकचा. कार्यकारिणीला लेखीच द्या: नावं गुणानुक्रमानं, भेट सगळ्यांना एकच, पहिल्या नंबराला बोलायची संधी. तोंडी सांगाल तर 'बघू की ताई' म्हणतील.

उत्तर २: ब्लाऊजपीस! हॉस्टेलवर चादर तरी कामी आली असती.

उत्तर ३: आपल्या सोलापूरच्या विद्यापीठाला नाव अहिल्यादेवींचं, अन् पहिली आलेली पोर ताट धरून उभी. ओवाळायला सचिव आहेत की.