बोनस नेमका कशावर?
बोनस वाढवला की काम आपोआप सुधारते, असे मत अनेकदा मांडले जाते; ते मला सरसकट पटत नाही. ग्राहकसेवेत तासाला किती कॉल घेतले यावर बोनस ठरला, की गुंतागुंतीची तक्रार घाईने दुसऱ्या विभागाकडे ढकलली जाते आणि महिन्याचा आकडा मात्र छान दिसतो. अमेरिकी मोटार उद्योजक हेन्री फोर्ड यांनी १९१४ मध्ये कामगारांना दिवसाला ५ डॉलर देऊ केले, हा दाखलाही या मताच्या बाजूने दिला जातो. पण कामगार वारंवार नोकरी सोडत होते, हे त्यामागचे मोठे कारण होते. शिवाय त्यातली जवळजवळ निम्मी रक्कम नफ्यातला वाटा म्हणून दिली जाई आणि तो मिळावा यासाठी कामगाराची घरची राहणीसुद्धा कंपनीचे निरीक्षक तपासत, हे सहसा कोणी सांगत नाही.