बोअरचं पाणी, मराठवाड्याचं ऊन: गाडीला सिरॅमिक की पॉलिमर सीलंट?

परभणीकर: दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला सिरॅमिकच करावं, म्हणजे रंगावर काचेसारखा कडक थर देणारं कोटिंग, हे माझं ठाम मत. गाडीला चकाकीसाठी लावतात ते कार्नौबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. मे महिन्यात काळं बोनेट सत्तरीला टेकतं. मेण मऊ पडतं, फुफाटा धरतं आणि दीड-दोन महिन्यांत संपतं. पॉलिमर सीलंट, म्हणजे हातानं लावायचा कृत्रिम संरक्षक लेप, चार ते सहा महिने चालतं. सिरॅमिक नीट बसलं तर दोन वर्षं बघायला नको.

बोअरवाला, लातूर: पण कुठल्या पाण्यात? आपल्याकडं गाडी धुतात बोअरच्या पाण्यानं. सिरॅमिकवर थेंब गोल उभा राहतो आणि तिथंच वाळतो. पाणी उडतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम उरतं, पांढरी कडी दिसते. थर साठला की पाणी ओघळेनासं होतं आणि लोकांना वाटतं, कोटिंग गेलं. डाग सीलंटवरही पडतात, पण ते काढून नवीन लावायला एक दुपार पुरते. सिरॅमिक उतरवायचं तर पॉलिश मारावं लागतं, म्हणजे क्लिअर कोट, रंगावरचा पारदर्शक थर, घासणं आलं. तो असतोच मुळात ४०-५० मायक्रॉन!

परभणीकर: दादा, हा दोष धुण्याचा. सावलीत, गार पत्र्यावर, एकेक भाग धुवा आणि लगेच मायक्रोफायबरनं टिपा. आरओचं वाया जाणारं पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार आणखी दाट असतात. शेवटची बादली साठवलेल्या पावसाच्या पाण्याची घ्या. ताज्या डागावर पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून ओला कपडा मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा.

नांदेडचा डिटेलर: तुम्ही दोघं बाटलीवर भांडताय, काम बिघडतं त्याआधी. पत्र्यावरून हात फिरवल्यावर खरखर लागली तर आधी क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, तीही शॅम्पूच्या पाण्यानं ओली ठेवून. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तेलकटपणा घालवा, नाहीतर सिरॅमिक धरतच नाही. बाटलीवर लिहिलेली सुकण्याची वेळ वीस-पंचवीस अंशांची असते. चाळिशीत ते फार लवकर सुकतं, पुसायला उशीर झाला की गडद चट्टे बसतात, ते पॉलिशशिवाय निघत नाहीत. म्हणून पहाटे, शेडमध्ये, दीड फुटाच्या चौकोनातच लावा. त्यानंतर २४ तास पाणी नाही, आठवडाभर शॅम्पू नाही. आणि हायवेवरच्या खडीचा टवका दोन्हींनी थांबत नाही. त्याला बोनेटच्या पुढच्या भागावर १५०-२०० मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक प्लास्टिक फिल्मच लागते.

बोअरवाला, लातूर: हेच तर म्हणतोय! पहाटे, शेडमध्ये, पावसाचं पाणी साठवून, हे किती जणांना जमतं? रस्त्यावर गाडी लावणाऱ्यानं होळीच्या आत एकदा आणि दिवाळीत एकदा सीलंट लावावं.

परभणीकर: शेड असेल त्यानं तरी सीलंटवर थांबू नये. आणि कोटिंग कुठलंही असो, कपड्याच्या पावडरीनं गाडी धुणं आधी बंद करा.