साचा कोरताना आधी शाई, मग कानस

मासेमारीचे जिग, म्हणजे शिशाचं डोकं ओतलेले गळ, घरी बनवताना ५/० मापाचा गळ घातला की साचा मिटत नाही आणि जिगच्या कडेने शिशाचा पापुद्रा येतो, अशी तुमची तक्रार आहे. ड्रिल लावायची घाई करू नका. गळाच्या दांडीला मार्करची शाई फासा, ओली असतानाच साचा हलकेच दाबून उघडा. साच्यावर डाग पडेल तेवढंच बारीक गोल कानशीने घासा, साच्याच्या दोन्ही अर्ध्यांत सारखं. ॲल्युमिनियम मऊ असतं, चार हात मारले की पुन्हा गळ ठेवून बघायचं. मी एकदा जोशात एकाच बाजूला घासत बसलो. आता त्या खाचेतून शिसं थेट गळाच्या वाकापर्यंत ओघळतं.

डोकं अर्धवट भरत असेल तर दोष बहुधा थंड साच्याचा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, पण गार साच्यात वाटेतच थिजतं. पहिले दोन-तीन जिग साचा तापवण्यापुरतेच, ते परत भांड्यात. साच्याला आतून मेणबत्तीची काजळी धरली की जिग सुटतोही पटकन.

आणि हे सगळं अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर शिसं तोंडावर उडतं. स्वयंपाकाचं भांडं तर अजिबात नको.