लॉटरीची सोडत: चेंडूंवर की संगणकावर?

चौकस: स्पेनच्या नाताळ लॉटरीत अजून लाकडी चेंडू फिरवतात, अमेरिकेत काही सोडती थेट संगणक काढतो. घोटाळा कशात सोपा? आणि आपला कायदा सोडतीबद्दल नेमकं काय म्हणतो?

फिरकी: घोटाळे दोन्हींत झालेत. चेंडूंत सगळा खेळ वजनाचा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २४ एप्रिल १९८० ची तीन अंकी सोडत हवेच्या यंत्रावर होती. खालून वारा, त्यावर उडणारे पिंगपाँगचे चेंडू, एक नळीत वर चढतो. ४ आणि ६ सोडून बाकीच्यांत सुईनं पांढरा रंग भरला होता. चेंडू मुळात अगदी हलका, त्यामुळे एवढ्यानंही जड झालेले तळाशी लोळत राहिले. निकाल ६६६! दोन अंक, तीन जागा, म्हणजे आठच शक्यता. त्या आठांवरच टोळीनं भरमसाट पैसे लावले आणि तिथंच संशय आला.

स्पेननं रंगाची भानगडच ठेवली नाही. मोठ्या पिंजऱ्यात १ लाख चेंडू (००००० ते ९९९९९), प्रत्येक ३ ग्रॅमचा, आकडा लेझरनं कोरलेला. रंगवला असता तर ८८८८८ ला १११११ पेक्षा जास्त रंग लागला असता. दुसऱ्या, छोट्या पिंजऱ्यात बक्षिसांचे १,८०७ चेंडू. दोन्हींतून एकेक बाहेर येतो आणि शाळकरी मुलं तो गाऊन सांगतात.

बायनरी: संगणकात बिघाड दिसतच नाही, म्हणून मला तो जास्त धोक्याचा वाटतो. एडी टिप्टन अमेरिकेतल्या मल्टी-स्टेट लॉटरी असोसिएशनमध्ये माहिती-सुरक्षा सांभाळायचा. आकडे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यानं अट घुसवली: वर्षातले ठरावीक तीन दिवस, ठरावीक वार, रात्री आठनंतर. अट जुळली की मोजक्याच शक्यता उरायच्या. एरवी आकडे अगदी अंदाजाबाहेरचे, म्हणून तपासणीत काही सापडलं नाही. २९ डिसेंबर २०१० ला १.६५ कोटी डॉलरचं बक्षीस असंच निघालं. अडकला तो कोडमुळे नव्हे. तिकीट आयोवा राज्यातलं. तिथं मूळ खरेदीदार कोण ते सांगावं लागतं, पण या बक्षिसावर निनावी ट्रस्टनं दावा केला. मग पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यात तिकीट घेताना टिप्टनच दिसला. चाचणीत यंत्राची तारीख-वेळ पुढेमागे करून बघायला हवी, ती यासाठी.

कलमबहाद्दर: आपल्याकडे लॉटरी (नियमन) कायदा, १९९८, कलम ४. सोडत राज्यानं स्वतः आणि राज्यातच काढायची, एका लॉटरीची आठवड्याला एकच. बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसांच्या सोडती, वर्षाला जास्तीत जास्त सहा. केरळचे मोजा: नाताळ-नववर्ष, समर, विषू, मान्सून, तिरुवोणम, पूजा. भरले सहा! एकेरी अंकावर किंवा आधी जाहीर केलेल्या आकड्यावर बक्षीस चालत नाही, म्हणजे मटक्याची वाट बंद. चेंडू की संगणक, हे कलम ४ सांगत नाही. कलम ५ नुसार एखादं राज्य परराज्याच्या लॉटरीची विक्री बंद करू शकतं.

चौकस: व्हॉट्सअ‍ॅपवर केरळचं तिकीट विकतात, ते?

कलमबहाद्दर: नको. केरळ लॉटरी फक्त कागदी, ऑनलाइन विक्री नाही. फोटोवर बक्षीस मिळत नाही, मूळ तिकीट लागतं, तेही ३० दिवसांत. ५,००० पर्यंत विक्रेताच देतो, पुढचं लॉटरी कार्यालयातून. १०,००० च्या वर ३० टक्के टीडीएस. तिकीट घेतल्याबरोबर मागे सही आणि पत्ता लिहा, हरवलं तर निदान दुसऱ्याला वटवता येणं अवघड जाईल.