‘संग्रहित’ की ‘प्रातिनिधिक’? भेगाळलेल्या जमिनीचा फोटो

मुद्रितशोधक: हवामान बदलावर लेख आला की सोबत भेगाळलेल्या जमिनीचा फोटो ठरलेला. खाली कधी ‘संग्रहित छायाचित्र’, कधी ‘प्रातिनिधिक छायाचित्र’. अर्थ एकच का?

माजी उपसंपादक: नाही हो. संग्रहित म्हणजे आपल्या साठ्यातला जुना फोटो. धरण तेच, पण उन्हाळा मागचा, असं असू शकतं. खरं तर शेजारी वर्ष द्यायला हवं, पण देतो कोण! प्रातिनिधिक म्हणजे तो या बातमीतला नव्हेच, नुसता नमुना.

कोरडवाहू शेतकरी: नमुना, पण कशाचा? आमच्या काळ्या रानाला दर उन्हाळ्यात भेगा पडतात, पाऊसपाणी झकास झालेल्या वर्षीसुद्धा. ही चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. आम्ही म्हणतो ‘जमीन उलली’. कपाशीचं बोंड उलतं, तोच शब्द. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, रान आपोआप खालीवर होतं. मे महिन्यात पाय अडकेल एवढी भेग दिसली तरी कोणी दचकत नाही. ऐन जुलैत उभ्या पिकात जमीन उलली, तर मात्र पोटात गोळा येतो. म्हणून फोटोखाली महिना पाहिजे.

मुद्रितशोधक: ‘उलणे’ प्रमाण लेखनात चालेल?

माजी उपसंपादक: न चालायला काय झालं? शब्दकोशात आहे. बाकी फोटोखालच्या असल्या ओळींनी भलेभले फसलेत. नॅशनल जिओग्राफिकने २०१७ मध्ये उपासमारीने खंगलेल्या ध्रुवीय अस्वलाचा व्हिडिओ दिला आणि ‘हवामान बदल असा दिसतो’ अशा अर्थाची ओळ टाकली. अस्वल खंगलेलं होतं हे खरं, पण कशामुळे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी मासिकाने आपण मर्यादा ओलांडल्याचं छापलं. २०१९ मध्ये गार्डियन या ब्रिटिश दैनिकाने तर फोटोंत अस्वलं कमी, झळ सोसणारी माणसं जास्त, असं धोरणच जाहीर केलं.

कोरडवाहू शेतकरी: आपल्याकडे उष्णतेची लाट म्हणजे स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर निघालेल्या मुली. भर उन्हात खुरपणाऱ्या बाया कधी दिसल्या?

मुद्रितशोधक: मुद्दा पटला. पण आज पान छपाईला सोडायचंय, ओळ काय देऊ?

कोरडवाहू शेतकरी: ‘मे महिन्यात उललेले काळे रान (प्रातिनिधिक छायाचित्र)’.

मुद्रितशोधक: हे वाचलं तर संपादक फोटोच काढायला सांगतील.

माजी उपसंपादक: मग काढा की!